उरलेला प्याला

माझ्या भाचीला माझी कीव येते. पुण्याहून आली की ती माझ्या दोन खोल्या बघते, भिंतीचे पोपडे बघते, कोपऱ्यातल्या लोखंडी खाटेवर बसते आणि हमखास म्हणते, "मावशी, तू स्वतःसाठी काही केलंच नाहीस गं." पोरगी मनानं चांगली आहे, एवढ्या लांबून येते, म्हणून मी तिच्यापुढं चहा ठेवते आणि ऐकून घेते. पण आता लिहायला बसलेच आहे, तर एकदाचं सांगून टाकते. मी सुखात आहे. समाधान, शांती हे सभेत बोलायचे शब्द, ते राहू द्या बाजूला. मी चांगली खुशीत आहे, पोट धरून हसते, पाठ टेकली की झोप लागते. हे सुख मला कुठं मिळालं आणि त्यासाठी काय सोडावं लागलं, तेही पक्कं ठाऊक आहे. ज्याला पटत नसेल त्यानं खुशाल पान उलटावं.

मी तरुण होते तेव्हा आम्ही सोलापुरात चर्चच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांत राहायचो, आई आणि मी; थोरली बहीण लग्न होऊन पुण्याला गेली होती. पप्पा सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. ते गेल्यावर आईनं मुलींच्या शाळेत शिवण शिकवून घर चालवलं. आमच्या भिंतीपलीकडं यंत्रमागांची खटखट दिवसभर चालायची. आम्हाला ती ऐकूच यायची नाही. वीज गेली आणि माग थांबले की मात्र आम्ही दोघी दचकून एकमेकींकडं बघायचो. आई अंगानं किरकोळ, पण जिभेला धार. साऱ्या मंडळीत तिच्या स्वयंपाकाचा दरारा होता. मंडळी म्हणजे आमचा चर्चचा समाज. कुणाकडंही लग्न असो, बाप्तिस्मा असो, रश्श्याचं पातेलं उतरवण्याआधी मीठ बघायला माणूस आमच्याकडं पळत यायचा. आई चमच्यानं थेंबभर रस्सा तळहातावर घेऊन चाटायची, "घाल अजून" किंवा "बास" म्हणायची, आणि तो शेवटचा शब्द असायचा.

प्रभुभोजनाची, म्हणजे येशूचं शरीर आणि रक्त म्हणून उपासनेत घ्यायची, भाकर आणि द्राक्षरसही आईच करायची. शनिवारी सकाळी शेगडी सारवून घ्यायची, पदर खोचायचा, आणि मग कुणी तिच्याशी बोलायचं नाही. द्राक्षांचे दिवस असले तर काळी द्राक्षं, नसले तर रात्रभर भिजवलेल्या मनुका. कल्हईच्या पातेल्यात मंद आचेवर रस आटत राहायचा आणि घरभर असा गोड, जरासा करपट वास सुटायचा की माझ्या तोंडाला पाणी यायचं. मलमलीच्या फडक्यातून गाळताना एखादा थेंब ओट्यावर पडला, तर आई तो फडक्यानं पुसायची नाही. बोटानं टिपायची आणि जिभेला लावायची. "हा सांडायचा नसतो," एवढंच म्हणायची. मी लहान असताना एकदा वाटी लवंडली होती. तेव्हा तिनं मला मारलं नाही, पण फरशीवर गुडघे टेकून बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

माझी स्वतःची ऐट वेगळी होती. मी चर्चमध्ये पायपेटी वाजवायची. पार पुढं, पवित्र मेजाच्या उजव्या अंगाला, सगळ्यांच्या नजरेसमोर. शेजारी तबल्यावर प्रमोद. तो कुर्डुवाडीचा, वडील रेल्वेत फिटर, हा सोलापुरात शिकायला राहिलेला. सरळ सांगते, मला तो आवडायचा. गाणं संपताना तो शेवटची तिहाई जरा लांबवायचा आणि माझ्याकडं बघून भुवई उडवायचा, की मी पायाखालचा भाता विसरायची आणि पेटी फुस्स करायची. त्याच्या घरून विचारणा आली तेव्हा आईनं आधी देवाचे आभार मानले, मग मला नवी पेठेत नेऊन मोरपंखी रंगाची साडी घेतली. ईस्टरला त्याची आई येणार, उपासनेत मला बघणार, दुपारी आमच्याकडं जेवणार आणि लग्नाचं पक्कं करणार, असं ठरलं. मला त्या साडीची आणि त्या माणसाची दोन्हीची फार हौस होती.

त्याच वर्षी येल्लव्वामावशी मंडळीत आली. विड्या वळणारी एकटी बाई, अक्कलकोटाकडची, अर्धं मराठी अर्धं कानडी बोलणारी. तिला छातीचा आजार झाला होता. औषधोपचार पुरे झाले होते, डॉक्टरांनी आता कुणाला धोका नाही असं सांगितलं होतं, पण खोकला तेवढा चिकटून राहिला होता. बाप्तिस्म्याच्या वेळी चर्चच्या पंचांनी तिला बायबलातलं 'हन्ना' नाव सुचवलं. येल्लव्वा हे देवीचं नाव, ते चालणार नाही म्हणाले. तिनं भर मंडळीत सांगितलं, "माज्या आईनं ठिवलंय नाव. देव मला वळखतोय न्हवं? मग बास की." आमचे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, मवाळ माणूस. त्यांनी त्याच नावावर पाणी घातलं, पण पंचांच्या मनात ते राहिलंच.

आमच्याकडं प्रभुभोजनाचा प्याला एकच असायचा, चांदीचा. ओळीओळीनं लोक कठड्यापाशी गुडघे टेकायचे, पाळकसाहेब प्याला स्वतःच्या हातात धरून प्रत्येकाच्या ओठांना लावायचे. पंचांनी ठरवलं की येल्लव्वामावशीनं सर्वांत मागच्या बाकावर बसावं आणि सर्वांत शेवटी यावं, म्हणजे तिच्यानंतर कुणाला प्यावं लागणार नाही. फार हुशारीनं काढलेली तोड. फक्त एक गोष्ट त्या शहाण्यांच्या ध्यानात आली नाही. प्याल्यात जे उरतं ते पाळकानं प्यायचं, ही आमची रीत. म्हणजे तिच्यानंतर एक माणूस उरतच होता.

त्या माणसानं काय केलं, ते मी बघितलं. शेवटच्या प्रार्थनेला सगळ्यांची डोकी खाली, डोळे मिटलेले. मी एकटी हळू सूर धरून बसलेली. पाळकसाहेब प्याला घेऊन बाजूच्या छोट्या दारापाशी गेले, बाहेर अडुळशाच्या बुडाशी उरलेला रस ओतला, आत आले आणि प्याला पुसून ठेवला. आईनं शनिवारभर आटवलेला, ओट्यावरचा थेंब बोटानं टिपलेला तो रस. माझ्या डोक्यात नुसती आग झाली. घरी जाऊन आईला सांगणार होते, पण ती ओल्या केसांनी उन्हात बसून मेजावरचं पांढरं कापड धूत होती, आणि माझी जीभ उचलली नाही. तिचं काळीज फाटलं असतं.

मग आला सोडण्याचा रविवार. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होण्याच्या आदल्या रविवारी आमच्याकडं एकेकानं उभं राहून, येत्या काळात प्रभूसाठी काय सोडणार ते बोलून दाखवायचं असतं. कुणी मटण सोडतं, कुणी सिनेमा, कुणी शेंगाचटणी. एक पंच उठले आणि गोड सोडतो म्हणाले. त्यांना साखर होती, डॉक्टरनं जिलबी कधीच बंद केलेली. मागं येल्लव्वामावशी खोकली. त्याबरोबर पुढच्या दोन-तीन बायकांनी नाकाला पदर लावले. बास, माझ्यानं राहवलं नाही. मी पेटीचं झाकण धाडकन लावलं आणि उभी राहिले.

"मी माझी जागा सोडते," मी म्हणाले. "आजपासून मी येल्लव्वामावशीच्या पलीकडं बसणार. प्याला तिच्यानंतर मला."

चर्चमध्ये अशी शांतता झाली की पलीकडच्या मागांची खटखट स्पष्ट ऐकू आली. मी पावलं आपटत मागं गेले आणि बसले. हे मी रागानं केलं. नम्रपणे, प्रार्थनापूर्वक वगैरे काही नाही, चांगली लालबुंद होऊन केलं. नंतर कितीतरी भल्या माणसांनी मला समजावलं, की त्याग असा रागात करायचा नसतो. का नसतो? वधस्तंभ उचलताना तोंड हसरं हवं असं मी तरी कुठं ऐकलं नाही. देवाला माझा राग चालला. तुम्हाला चालत नसेल तर तुमचं तुम्ही बघा.

घरी जेवायला वाढताना आईनं ताट आपटलं आणि म्हणाली, "तुझे पप्पा असते तर हे धाडस झालं असतं का गं तुला? कुर्डुवाडीला कळलं म्हणजे?"

"कळू दे."

"कळू दे म्हणे! मी मेल्यावर कोण बघणार आहे तुला? ती येल्लव्वा?"

गंमत म्हणजे येल्लव्वामावशीही खूश नव्हती. पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर तिनं मला दाराशी गाठलं. कमरेवर हात ठेवून उभी. "काय गं ए, शेजारी बसलीस म्हंजे माज्यावर उपकार केलास व्हय?"

"नाही मावशी, तसं नाही."

"मग कसं? चर्चात बसायला काय लागतंय, समदे बगत्यात. माज्या घरला येऊन जेव की. येतीस?"

कठड्यापाशी प्याला तोंडाला लावणं वेगळं आणि तिच्या घरचा तांब्या तोंडाला लावणं वेगळं. डॉक्टरांनी सांगितलेलं मला पाठ होतं, तरी भीती वाटली, ती मी लपवत नाही. गेले. पत्र्याची एकच खोली, तंबाखूचा उग्र वास, एका बाजूला विड्यांच्या पानांचा ढीग, दुसऱ्या बाजूला चूल आणि लोखंडी खाट. तिनं कडक भाकरी मोडून माझ्यापुढं टाकली, शेंगाचटणी घातली, तिच्यावर तेलाची धार सोडली आणि समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी घास घेतला. चटणी इतकी तिखट होती की माझ्या डोळ्यांतून, नाकातून धारा लागल्या. "यव्वा! भेलीस का तिकाट लागलं?" तिनं विचारलं. "दोन्ही," मी म्हणाले. ती इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली, मग मी उठून तिची पाठ चोळली आणि तिच्याच तांब्यातून तिला पाणी पाजलं, आणि मीही प्याले.

तिथून रोज जायला लागले. नळाचं पाणी भरायचं, पानं कापून द्यायची, तिची बोलणी खायची. बोलणी लई असायची. पानं वाकडी कापली, पाणी सांडलं, चूल विझली, सगळ्यावर तिचं तोंड चालायचं, अर्धं मला कळायचं नाही. पेटीवर आता शाळेतली एक मुलगी बसायची आणि बेसूर वाजवायची. माझी बोटं बाकाच्या कडेवर आपोआप फिरायची आणि डोळे भरून यायचे. प्रमोदकडं बघायचं तर मधे सगळी मंडळी आडवी. जे जे आवडत होतं ते सगळं पुढं राहिलं होतं आणि मी मागं. आणि तरीही, काय सांगू, त्या पत्र्याच्या खोलीतून घरी येताना मी रस्त्यात गुणगुणत यायची. नव्या साडीचं सुख तिची घडी मोडेपर्यंत टिकतं. हे तसलं नव्हतं. मी स्वतःला घेऊन फिरायचं सोडलं होतं आणि खांदे हलके झाले होते. भाचीला हे समजावता येत नाही. तिला वाटतं मी मनाची समजूत घालते.

ईस्टरच्या आधी प्रमोद आला. दारातल्या कडुनिंबाखाली उभा राहिला, चपलेनं माती उकरत. "मला काही नाही गं," तो म्हणाला. "मला तू आवडतेस ते याच्यासाठीच. पण आई जुन्या वळणाची आहे. एवढा एक रविवार पुढं येऊन बस. पेटी वाजव. मी आहेच की शेजारी."

"आणि त्याच्या पुढच्या रविवारी?"

"मग बघू."

"आणि कुर्डुवाडीच्या चर्चमध्ये?"

त्यानं उकरलेली माती चपलेनंच परत सारखी केली. वाईट माणूस नव्हता तो. खोटं बोलता आलं असतं, ते बोलला नाही. मला त्याचा हात धरावासा वाटला, इतका वाटला की मी माझे हात पाठीमागं बांधून उभी राहिले.

येल्लव्वामावशीला सांगितलं. म्हटलं, निदान ती तरी म्हणेल, नको जाऊ. तिनं विडीचा दोरा दातानं तोडला. "जा की पुडं. मला माजा प्याला मिळतोय. तू माज्यासाटी थांबू नगं, मी काय तुला थांब म्हटलं न्हाय." म्हणजे तो दरवाजाही बंद झाला. तिच्या भल्यासाठी करते म्हणावं, तर तिला गरजच नव्हती. उरलो मी आणि ज्यानं मला 'माझ्या मागं ये' म्हटलं होतं तो प्रभू. त्या दिवशी मी रडले, आणि देवाला म्हणाले की तू फार मागतोस.

ईस्टरच्या सकाळी आईनं पहाटे उठून पाहुण्यांसाठी मटणाचं मोठं पातेलं चढवलं. मला मोरपंखी साडी नेसवली, स्वतःच्या हातानं वेणी घातली, आणि शेवटच्या पेडाला तिचे हात थांबले. "सुवार्ता," ती म्हणाली. माझं पूर्ण नाव ती कधी घेत नसे, सुवी म्हणायची. "मी तुझ्या पाया पडते. आजच्या दिवस." आईनं माझ्या पाया पडायचं म्हटलं, यापेक्षा तिनं मला थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

चर्चमध्ये आम्ही बरोबरच शिरलो. पहिल्या बाकावर प्रमोदची आई, जरीकाठी पातळ, पांढरे केस चापून बसवलेले. तिनं माझ्याकडं बघून मान डोलावली. तबल्यापाशी प्रमोद, आणि शेजारी पेटीचं बाक मोकळं. त्यानंच त्या मुलीला उठवलं असणार. माझे पाय तिथं एक क्षण थांबले. मग मी चालत मागं गेले, मोरपंखी साडी सावरून येल्लव्वामावशीच्या पलीकडं बसले. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, फक्त सरकून जागा दिली.

ओळी पुढं जात राहिल्या. सगळ्यांत शेवटी आम्ही दोघी. आधी ती प्याली, मग मी. प्रमोदच्या आईची नजर पाठीत घुसलेली मला कळत होती. आम्ही जागेवर आलो, मंडळीनं डोकी खाली घातली. आईनं मात्र डोकं खाली घातलं नव्हतं. ती मान वळवून मागं मला शोधत होती, डोळ्यांनी शिव्या घालायला असेल. आणि मान पुन्हा पुढं वळवताना तिला पाळकसाहेब दिसले, प्याला घेऊन छोट्या दारापाशी.

"पाळकसाहेब," आई मोठ्यानं म्हणाली, "काय करताय?"

सगळी डोकी वर आली. पाळकसाहेब दारातच थिजले. "उरलेलं होतं, बाई..."

"उरलेलं तुम्ही प्यायचं असतं."

त्यांची नजर मागच्या बाकाकडं गेली आणि खाली वळली. आईनं त्या नजरेमागोमाग बघितलं. मग दाराबाहेरच्या अडुळशाकडं बघितलं. मला इतक्या लांबून तिचा चेहरा दिसत होता, आणि तिला सगळं कळलेलं दिसत होतं, एका रविवारचं नव्हे, सगळ्या रविवारांचं.

ती उठली. स्वतःचं प्रभुभोजन घेऊन झालेलं. दुसऱ्यांदा कुणी घेत नसतं. ती कठडा ओलांडून आत गेली, जिथं बायकांनी जायची रीत नव्हती, आणि पाळकसाहेबांच्या हातातून प्याला घेतला. जिथं आमचे ओठ लागले होते तिथंच ओठ लावून शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. कापडानं काठ पुसला, प्याला मेजावर ठेवला. "लेकीचं लग्न तर सांडलंच आज," ती म्हणाली, "आता हे तरी सांडू देणार नाही."

पाळकसाहेबांनी तोंड झाकून घेतलं. पुढच्या रविवारपासून उरलेलं ते स्वतः पिऊ लागले, पण ती पुढची गोष्ट. प्रमोदची आई उपासना संपताच उठली. गाडीची वेळ झाली म्हणाली. गाडी दुपारची होती, आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. प्रमोद तिच्या मागून गेला. फाटकापाशी वळून बघितलं त्यानं, आणि गेला. मला दुःख झालं, खूप झालं, ते मी नाकारत नाही. त्यानंतर मी लग्न केलं नाही.

घरी पातेलं भरून मटण आणि आम्ही दोघी. आई मोरीपाशी बसून राहिली. मला वाटलं आता सुरू होईल. ती उठली, पातेल्यावर झाकण घातलं, फडक्यात बांधलं आणि माझ्या हातात भाकऱ्यांची दुरडी दिली. "कुठं राहते ती? दाखव."

येल्लव्वामावशीनं दार उघडलं, आईला बघितलं, पातेल्याकडं बघितलं आणि बाजूला झाली. आम्ही तिघी जमिनीवर बसलो. आईनं वाढलं. येल्लव्वामावशीनं भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवून तोंडात टाकला, चावला, थांबली.

"मीट कमी हाय की वो बाई."

माझा घास हातातच राहिला. आजवर सोलापुरात कुणाची छाती झाली नव्हती आईला हे म्हणायची. आईनं तळहातावर रस्सा घेतला, चाटला. पुन्हा चाटला. "कमी नाही," ती म्हणाली, "घातलंच नाही गं बाई मी. सकाळपासून रडत होते, घालायचं राहिलंच." आणि ती हसायला लागली. पप्पा गेल्यापासून मी तिला तशी हसताना बघितली नव्हती. येल्लव्वामावशी हसत खोकायला लागली, मी दोघींची पाठ चोळत स्वतः हसून आडवी झाले, मोरपंखी साडीला चुलीची राख लागली.

मग आईनं मिठाची वाटी मागितली. चिमूट घेऊन आधी येल्लव्वामावशीच्या ताटात टाकली, मग माझ्या, आणि मग स्वतःच्या.